वॉशरूममधली भेट आणि मामांचा बॅनर

"ताई नमस्कार, मी ठाण्याचा, वय ३४, आयटीत आहे. प्रॉब्लेम ऐकून तुम्ही हसाल पण माझी खरंच झोप उडालीय. एप्रिलमध्ये पुण्याहून परत येताना एक्स्प्रेस वेवर खालापूरच्या फूड मॉलला थांबलो होतो. वॉशरूममध्ये हात धुतले आणि शेजारी बघतो तर एक खूप मोठे मराठी ॲक्टर, नाव लिहीत नाही. ते मला म्हणाले, हा ड्रायर चालू आहे का हो? मी म्हटलं, नाही, बंद आहे. त्यांनी पँटला हात पुसले, हसले आणि गेले. संपलं. बाहेर येऊन बायकोला सांगितलं तोवर त्यांची गाडी निघून गेलेली, तिला वाटलं मी फेकतोय. नंतर सासरी एक बारसं होतं तिथे परत विषय निघाला, सगळे म्हणायला लागले फोटो कुठाय फोटो कुठाय, आणि मला काय झालं माहीत नाही, मी म्हटलं फोटो काय घेऊन बसलात, एका टेबलावर बसून मिसळ खाल्ली, अर्धा तास गप्पा मारल्या, नंबर पण दिलाय त्यांनी. आता बायकोचे मामा डोंबिवलीला सोसायटीच्या गणपतीचे अध्यक्ष आहेत, यंदा पन्नासावं वर्ष, आणि त्यांनी कमिटीत सांगून टाकलंय की आरतीला ते येणार, आमचे जावई आणतायत. बॅनरचं डिझाइन मला व्हॉट्सॲपवर आलंय, ओके आहे का विचारतायत. बायकोलाही खरं माहीत नाही, ती ऑफिसात सांगून बसलीय. काय करू? आणि अजून एक, जूनमध्ये आम्ही लंडनला मेव्हणीकडे जातोय. तिथे राजा किंवा राजघराण्यातलं कुणी अचानक समोर आलं तर काय करायचं असतं? यापुढे कुणी मोठं माणूस दिसलं की मला भीतीच वाटणारे.
– झोप उडालेला, ठाणे"

अरे, हसाल म्हणालास ना, हसलेच, पण बॅनरपर्यंत आले आणि हसू आवरलं. बारशात मारलेली थाप तशी कुणी मनावर घेत नाही, तिथे निम्मे लोक तेच करत असतात, कुणी गावच्या जमिनीचा भाव वाढवून सांगतं कुणी मुलाचं पॅकेज. बॅनरचं तसं नाही. पन्नासावं वर्ष म्हणजे स्मरणिका निघणार, स्मरणिकेत जाहिराती येणार, नाक्यावरचा ज्वेलर आणि तो नवीन बिल्डर आपलं नाव त्या ॲक्टरच्या फोटोशेजारी यावं म्हणून चार पैसे जास्तीचे देणार, आणि आरतीला कुणी आलंच नाही की हे सगळे जाब विचारायला मामांच्या दारात उभे राहणार, तुझ्या नाही. म्हणून जे काय करायचंय ते डिझाइन छापायला जायच्या आधी कर, आणि तोपर्यंत त्या "ओके आहे का" ला अंगठा दाखवू नकोस.

आधी बायको. आज रात्रीच, जेवणं झाली की, टीव्ही बंद करून. चिडेल ती, आणि गंमत म्हणजे तू खरं सांगितलंस तेव्हा तिने विश्वास ठेवला नाही आणि खोटं सांगितलंस तेव्हा ठेवला, हे पाचेक मिनिटांनी तिच्याही लक्षात येणार आणि त्याचा रागसुद्धा तुझ्यावरच निघणार, संसार आहे, चालायचंच. ऑफिसात काय सांगायचं ते तिचं तिला ठरवू दे. तू त्यात आयडिया देऊ नकोस, तुझ्या आयडिया आपण बघितल्यात. आणि हे तिच्या कानावर मामांच्या आधी गेलं पाहिजे, कारण मामा फोन ठेवल्या ठेवल्या भाचीलाच लावणार.

मग मामा. ग्रुपवर नाही, मेसेज नाही, फोन कर, जमलं तर डोंबिवलीला जाऊनच ये. सरळ म्हण, मामा, त्यांची माझी भेट वॉशरूममध्ये झाली, दोन वाक्यं बोललो, मिसळ नाही, नंबर नाही, बारशाला मी वाढवून सांगितलं, माझं चुकलं, बॅनर थांबवा. एवढंच. याच्यापुढे "म्हणजे काय झालं की" असं सुरू करू नकोस, कारण तिथूनच दुसरी थाप सुरू होते. मला माहितीये तुझ्या डोक्यात काय चाललं असेल, की ते शूटिंगला परदेशात आहेत म्हणून सांगू, किंवा नंबर बंद येतोय म्हणू, म्हणजे आपोआप मिटेल. नाही मिटणार. मामा म्हणतील मग मॅनेजरचा नंबर द्या मी बोलतो, आणि गणपतीपर्यंत तू रोज नवीन मॅनेजर जन्माला घालत बसशील. एक दिवस ओरडा खा, मोकळा हो.

फक्त ओरडा खाऊन येऊ नकोस, हातात काहीतरी काम पण घे. मामांना पाहुणा हवाय, तो आणायचा खरा रस्ता असतो आणि त्यात वॉशरूमच्या ओळखीचा काही उपयोग नसतो. नट मंडळी गणपतीत मंडळांना जातात, बऱ्याचदा मानधन घेऊन, याला या लाइनमध्ये सुपारी म्हणतात, त्यात काही वाईट वाटून घ्यायचं नसतं, त्यांचं ते कामच आहे. मॅनेजर किंवा कोऑर्डिनेटरशी बोलायचं, तारीख, वेळ, गाडी कुणाची, किती वेळ थांबणार, आरतीच की बक्षीस समारंभ पण, हे सगळं आधी ठरवून घ्यायचं. दहा दिवसांत एकेका संध्याकाळी चार-चार ठिकाणी जातात ही माणसं, त्यामुळे आत्ताच विचारलेलं बरं. कधीकधी नवीन नाटक किंवा सिनेमा यायचा असतो तेव्हा प्रमोशन म्हणून कमी पैशात सुद्धा येतात. नाटकातला नट असेल तर अजून सोपं, प्रयोगाच्या दिवशी थिएटरवर जायचं, नाटकाचे व्यवस्थापक तिथे तिकीट खिडकीच्या आसपास असतातच, त्यांना विचारायचं. बजेट बसलं नाही तर बसलं नाही, कमिटी दुसरं नाव काढेल. ही धावपळ तू कर. मामांचा राग जाईल असं नाही, पण कमी होईल. आणि मॅनेजरशी बोलताना कृपा करून "मी सरांना भेटलोय, ते ओळखतात मला" असं म्हणू नकोस, ते वाक्य त्यांनी दिवसात शंभर वेळा ऐकलेलं असतं.

आता मला खरं जे बोलायचंय ते. तुझी खरी गोष्ट तुझ्या खोट्या गोष्टीपेक्षा कितीतरी चांगली आहे रे! मिसळ खाल्ली, गप्पा मारल्या, नंबर दिला, हे तर कुणीही सांगतं, ऐकणारा मनात "बरं" म्हणतो आणि बासुंदीकडे वळतो. पण एवढा मोठा माणूस, ज्याला बघायला लोक तिकिटं काढतात, तो ओले हात घेऊन तुझ्याकडे वळतो आणि विचारतो ड्रायर चालू आहे का हो, आणि तू त्याला नाही म्हणतोस, आणि तो आपला पँटला हात पुसून जातो... हे मी चार जणांना सांगितलं, नाव-गाव न सांगता, चारही जण हसले. यात त्यांची बदनामी नाही, तुझा मोठेपणा नाही, आणि कुणी खोटं म्हणेल अशी तर ही गोष्टच नाही, एवढं छोटं खोटं कोण रचतं?

तुला एक खरा किस्सा सांगते. इंग्लंडची एलिझाबेथ राणी सुट्टीला स्कॉटलंडमध्ये बालमोरलला जायची. तिथल्या डोंगरात एकदा ती फिरायला निघाली, बरोबर फक्त तिचा बॉडीगार्ड, रिचर्ड ग्रिफिन नावाचा, त्यानेच पुढे २०२२ मध्ये राणीच्या राज्याला ७० वर्षं झाली तेव्हा हे सांगितलं. तर समोरून दोन अमेरिकन टुरिस्ट आले. राणी आपली येणाऱ्या-जाणाऱ्याला हॅलो म्हणायची, त्यांनाही म्हणाली, आणि त्यांनी तिला ओळखलंच नाही. त्यातला एक गप्पा मारायला लागला, कुठून आलो, कुठे चाललो, आणि मग विचारलं की तुम्ही कुठे राहता. ती म्हणाली लंडनला, पण या डोंगरापलीकडे सुट्टीचं घर आहे. किती वर्षं येताय? लहान असल्यापासून, ८० वर्षांच्या वर झाली. त्याची ट्यूब पेटली, म्हणजे अर्धीच पेटली, तो म्हणाला मग तुम्ही राणीला भेटलाच असाल! आणि ही बाई शांतपणे म्हणते, मी नाही, पण हा रिचर्ड भेटतो नेहमी. झालं, त्याने रिचर्डच्या खांद्यावर हात टाकला आणि कॅमेरा दिला कुणाच्या हातात, तर राणीच्या, आमचा दोघांचा फोटो काढा म्हणून. तिने काढला. मग रिचर्डने जागा बदलून राणीचाही फोटो काढला त्यांच्याबरोबर, आणि दोघांनीही शेवटपर्यंत काही कळू दिलं नाही. नंतर राणी म्हणाली, हा माणूस अमेरिकेत घरी जाऊन मित्रांना फोटो दाखवेल तेव्हा मला गुपचूप तिथे असायला आवडेल, कुणीतरी सांगेलच त्याला मी कोण ते.

मला या किश्श्यात राणीपेक्षा तो टुरिस्ट आवडतो. मोठमोठ्या लोकांना वर्षभर ताटकळून जे मिळालं नसेल ते त्याला फुकट मिळालं, साध्या गप्पा, कारण तो काही मागायला गेलाच नव्हता. तुझं पण तेच झालं. त्या ॲक्टरने तुला फॅन म्हणून नाही, ड्रायरची माहिती असलेला माणूस म्हणून विचारलं. तू तिथेच "सर मी तुमचा डाय हार्ड फॅन" असं सुरू केलं असतंस तर ते ओल्या हातांनीच पळाले असते. आणि वॉशरूममध्ये तू फोन बाहेर काढला नाहीस, यासाठी तुला माझ्याकडून पूर्ण मार्क, मी तर अशी माणसं बघितलीत जी तिथेसुद्धा सेल्फी मागतात.

बाकी भेटी तर आपल्याला कळतसुद्धा नाहीत. नेदरलँड्सचा राजा विलेम-अलेक्झांडर पायलट आहे. त्याने २०१७ मध्ये सांगून टाकलं की मी २१ वर्षं महिन्यातून दोनदा केएलएम या डच विमान कंपनीच्या छोट्या विमानांवर को-पायलट म्हणून जातोय. अनाउन्समेंट करताना नाव सांगायचं बंधन नसतं, तो आपला "कॅप्टन आणि क्रूतर्फे स्वागत" म्हणून मोकळा, कुणी कुणी आवाज ओळखायचे पण बहुतेकांना पत्ताच नाही. म्हणजे कितीतरी लोक राजाने चालवलेल्या विमानातून मीटिंगला गेले आणि घरी येऊन फक्त सँडविच थंड होतं म्हणून कुरकुरले असतील. त्यांच्याकडेही फोटो नाही.

हा फोटोचा जो तगादा असतो ना, "फोटो कुठाय", त्यानेच तुझा घात केला. त्या बारशात तुला "नाही काढला, हात ओले होते" एवढं सुचलं असतं तर आज मामांचा फोन बघून पोटात गोळा आला नसता. परत कुणी विचारलं तर हेच सांग.

आता यापुढे कुणी दिसलं तर काय करायचं. घाबरायचं काय त्यात? आधी त्या माणसाचे हात बघ. हातात घास असेल, लहान मूल असेल, दवाखान्याची फाइल असेल, कानाला फोन असेल, तर नजरानजर झालीच तर हसायचं आणि पुढे जायचं. दुकानाच्या रांगेत, बोर्डिंग गेटवर, लिफ्टपाशी रिकामा उभा असेल तर एक वाक्य बोलायला हरकत नाही. एकच. आणि ते वाक्य "तुमचं सगळं काम बघतो" असलं नको, कारण सगळं कुणीच बघितलेलं नसतं, त्याच्या आईनेसुद्धा नाही. खरंच जे आवडलं ते एक काहीतरी सांग, अमुक नाटकातला तो फोनवरचा सीन, बस. फोटो हवाच असेल तर विचार, नाही म्हटलं तर नाही, लांबून झूम करून चोरून काढू नकोस, तसला फोटो बघून कुणालाच आनंद होत नाही, काढणाऱ्यालाही नाही.

सचिनचा किस्सा तुला माहीत असेल, नसेल तर ऐक. टेस्ट सिरीजसाठी तो चेन्नईला ताज कोरोमंडलमध्ये उतरलेला. कॉफी मागवली, हॉटेलचा माणूस ती घेऊन आला आणि म्हणाला, राग येणार नसेल तर क्रिकेटबद्दल एक बोलू का. सचिन म्हणाला बोल. तो म्हणाला, तुम्ही कोपराला गार्ड लावता तेव्हा तुमच्या बॅटचा स्विंग बदलतो. आणि ते खरं होतं! सचिननेच पुढे सांगितलं की जगात हे फक्त त्या एकाच्या लक्षात आलं होतं, आणि मग त्याने गार्डची साइज, पॅडिंग, पट्टे सगळं नव्याने करून घेतलं. डिसेंबर २०१९ मध्ये त्याने हे व्हिडिओत सांगून त्या माणसाला शोधायला लोकांची मदत मागितली. बघ, आपण सचिनला शोधत फिरतो आणि इथे सचिन त्याला शोधत होता. त्या माणसाने सेल्फी मागितली असती तर सचिनच्या तो लक्षात राहिला असता का? आता हे वाचून तू पुढच्या नटाला ॲक्टिंगच्या टिप्स द्यायला जाऊ नकोस म्हणजे मिळवलं, त्या माणसाने म्हणे एकेक बॉल मागे घेऊन घेऊन बघितला होता.

आणि खरंच कुणाला भेटायचं असेल तर अचानक भेटीची वाट कशाला बघायची, तू ठाण्यात राहतोस! गडकरी रंगायतनला नाटकाचं तिकीट काढ, डोंबिवलीला जाशील तेव्हा सावित्रीबाई फुले नाट्यगृहात काढ, प्रयोग संपला की विंगेतून आत जा. आपल्याकडे ही फार छान पद्धत आहे, सिनेमावाल्यांकडे असलं काही नाही. नट अजून मेकअपमध्ये असतो, घामाघूम झालेला, आणि त्याला त्या क्षणी कुणीतरी येऊन प्रयोगाबद्दल बोलावं असं मनापासून वाटत असतं. रांगेत उभा राहा, तुझं एक वाक्य बोल, मागच्या माणसाला जागा दे. बायकोला घेऊन जा बरोबर, म्हणजे साक्षीदारही झाला. तेच ॲक्टर असतील तर ड्रायरची आठवण करून द्यायची की नाही ते तुझ्यावर, मी तर देईन.

आता लंडन. राजा रस्त्यात धडकेल असं होत नाही, पण जूनमध्ये त्याच्या वाढदिवसाची परेड असते, ट्रूपिंग द कलर, तेव्हा घोडागाडीतून जाताना लांबून दिसू शकतो. बकिंगहॅम पॅलेसवर झेंडा बघ, रॉयल स्टँडर्ड, म्हणजे राजाचा स्वतःचा झेंडा असेल तर राजा तिथे आहे, नेहमीचा युनियन जॅक असेल तर नाही, तेवढ्यासाठी गर्दीत ताटकळू नकोस. कधी कधी ही मंडळी बॅरिकेडपाशी लोकांशी हात मिळवत चालतात, ही पद्धत राणीने १९७० मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यात सुरू केली, तसं काही नशिबात आलं तर घाबरू नकोस, असंच वागलं पाहिजे असा सक्तीचा नियम नाहीये, हे राजघराणं स्वतःच सांगतं. पुरुषांनी मान जराशी लववायची, बायकांनी गुडघा किंचित वाकवायचा, नाहीतर साधा हात मिळवला तरी चालतो. पहिल्यांदा "युअर मॅजेस्टी", मग नुसतं "सर". आपणहून अंगाला हात लावत नाहीत. २००९ मध्ये मिशेल ओबामांनी राणीच्या पाठीवर हात ठेवला तर पेपरवाल्यांनी केवढा गहजब केला होता, वास्तविक राणीनेही त्यांच्या कमरेभोवती हात टाकला होता, तिला काही वाटलंच नव्हतं. सही मागू नकोस, ते देत नाहीत.

आणि राजाने, म्हणजे चार्ल्सने विचारलंच कुठून आलात, तर मुंबईजवळून म्हण, त्याला लगेच डबेवाले आठवतील. नोव्हेंबर २००३ मध्ये तो युवराज असताना चर्चगेटला त्यांना भेटायला आला होता आणि आमच्या डब्यांची वेळ चुकणार नाही अशा वेळी या, असं त्यांनी त्याला आधीच कळवलेलं. तो आला बरोबर त्या वेळेला. आणि २००५ च्या एप्रिलमध्ये त्याच्या लग्नाला डबेवाल्यांपैकी दोघांना आमंत्रण गेलं, ते दोघं आहेर घेऊन इंग्लंडला लग्नाला जाऊन आले. तू फक्त डबेवाले आमच्या स्टेशनवरून जातात एवढंच सांग, ते खरं आहे. माझे मामा डबेवाले आहेत असं काही तोंडातून निघून जाईल, तर तेवढं सांभाळ बाबा, तो माणूस पुढचा प्रश्न विचारतो.